हालीचे सात, कलदाराचे सहा

शेतकरी बांधवांनो आणि शिक्षकहो, आपल्या घरातली जुनी पेटी कधी उघडून पाहा. पणजोबांच्या वेळचे एखादे खरेदीखत, कर्जरोखा नाहीतर सावकाराची पावती हाती लागेल. तीत आकडा दिसेल, आणि आकड्याच्या मागेपुढे ‘हाली’, ‘सिक्के उस्मानिया’ किंवा ‘कलदार’ असा एखादा शब्द असेल. हा शब्द सोडून नुसता आकडा वाचला, तर हिशेब चुकलाच म्हणून समजा. कारण रुपया रुपयात फरक होता.

आजचा जालना जिल्हा 1981 मध्ये झाला. त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांत होता, आणि 1948 पर्यंत त्यावर निजामाचा अंमल होता. हैदराबाद संस्थानाची टांकसाळ स्वतःची, रुपयाही स्वतःचा. तो हाली, म्हणजे चालू शिक्का. त्यावर चारमिनारचे चित्र असे. मीर उस्मान अली खान 1911 मध्ये गादीवर आले, तेव्हापासून त्याला उस्मानिया हे नाव मिळाले. 1918 च्या कायद्यानंतर संस्थानाने स्वतःच्या नोटाही काढल्या. इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. हे नाव त्याला इतके चिकटले, की पुढे हालीसुद्धा यंत्रावर पडू लागला तरी कलदार म्हणजे इंग्रजी रुपयाच राहिला.

दोन्ही रुपयांत आणे सोळाच, आणि आण्याच्या पयाही बाराच. मग मोलात फरक का? चांदी पाहा. कलदार एक तोळा वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. चांदीचा हाली थोडा हलका, 11.18 ग्रॅमचा, आणि त्यात शंभरात सुमारे 82 भाग चांदी. म्हणजे सुमारे 9.1 ग्रॅम. आता सात हाली एका पारड्यात आणि सहा कलदार दुसऱ्यात टाका. दोन्हीकडे चांदी भरते 64 ग्रॅमच्या आसपास! सात हाली बरोबर सहा कलदार, हाच दर पुढे सरकारी हिशेबात चालला. शंभर कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली.

पण बाजार काही रोज तराजूने चालत नाही. कापसाचा मोसम आला, की बाहेरचा व्यापारी कलदार घेऊन जालन्याच्या मोंढ्यात उतरे. शेतकऱ्याला पैसा द्यायचा तो हालीत, म्हणून हालीला मागणी वाढे. बाहेरून कापड, रॉकेल आणायचे झाले की कलदाराला मागणी. या चढउताराच्या मधे सराफ बसलेला असे, आणि तो अदलाबदलीचा बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो ना, तो हाच बट्टा बरं का.

जाफराबाद-भोकरदनकडच्या माणसाला तर हे दुखणे नेहमीचेच. पलीकडे वऱ्हाड. तिथला कारभार इंग्रजांकडे, म्हणून चलन कलदार. समजा, इकडच्या शेतकऱ्याला देऊळगाव राजाच्या बाजारात 210 कलदाराची बैलजोडी पसंत पडली. घरून 210 हाली नेऊन भागायचे नाही. 245 हाली लागत, आणि बट्टा वेगळाच.

आता खरी मेख ऐका. कलदाराचे हाली करताना सहावा हिस्सा मिळवायचा. हालीचे कलदार करताना मात्र सातवा हिस्सा वजा करायचा. सत्तर हालीतून सातवा हिस्सा, म्हणजे दहा गेले, की साठ कलदार उरतात. पण कोणी सहावाच हिस्सा कापला, तर हाती येतात 58 रुपये 5 आणे 4 पै. एक रुपया 10 आणे 8 पै गेले, आणि गेले हे कळतही नाही! ज्याला अपूर्णांक येत नाही, त्याच्या हिशेबाला अशी गळती लागते.

हे गणित हालीबरोबर संपले असे समजू नका. 6 जून 1966 रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला 4 रुपये 76 पैसे पडत होते, ते साडेसात रुपये पडू लागले. डॉलर शेकडा साडेसत्तावन्न टक्के महागला. पण डॉलरच्या मापाने रुपयाचे मोल शेकडा साडेछत्तीसनेच उतरले. दोन्ही आकडे खरे. कोणत्या बाजूने मोजता, एवढाच प्रश्न.

नाणे म्हणजे सत्तेची खूणही असते. भारताशी ‘जैसे थे’ करार झाल्यावर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे ठरवले. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले. 1950 मध्ये सात हालीला सहा रुपये याच दराने भारतीय रुपया इथे सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत हाली हळूहळू मागे घेतला गेला. 1957 च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणे-पैही मागे पडले.

शिक्षकहो, गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्या. मुलांना घरचा जुना कागद शोधायला सांगा आणि त्यातल्या हालीचे कलदार करू द्या. आणि शेतकरी बांधवांनो, जमिनीचा जुना कागद वाचताना आधी नाणे वाचा, मग आकडा. 350 हाली म्हणजे 300 कलदार. मधले पन्नास रुपये त्या काळी थोडे नव्हते.