जामलाही ग्रेड असते, ‘ए’ ते ‘एफ’!

‘लय जाम होता सर!’ लेक्चरला उशीर झाला की उमरखेड, महागाव, दिग्रसहून पुसदला अप-डाऊन करणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. पण ‘लय’ म्हणजे नेमका किती? सिव्हिलवाल्या मित्राला विचारा, तो सांगेल. परीक्षेत आपल्याला मिळते तशी रस्त्यालाही ग्रेड मिळते.

तिचं नाव ‘लेव्हल ऑफ सर्व्हिस’. अमेरिकेत १९६५ मध्ये निघालेल्या ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’मधून ही पद्धत जगभर गेली. ‘ए’ म्हणजे रस्ता मोकळा. ‘सी’ला ओव्हरटेकसाठी वाट बघावी लागते. ‘ई’ म्हणजे रस्ता काठोकाठ भरला. आणि ‘एफ’ म्हणजे आपला नेहमीचा जाम.

एक बंडी = सोळा बाईक

आपल्या रस्त्यावर सगळंच चालतं, मग मोजायचं कसं? त्यासाठी प्रत्येक वाहनाचा कारमध्ये हिशेब करतात. त्याला म्हणतात ‘पॅसेंजर कार युनिट’, म्हणजे पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत ग्रामीण भागातल्या रस्त्यांसाठी कारला १, बाईकला अर्धा, ट्रक किंवा एसटीला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार आणि मोठ्या बैलगाडीला चक्क ८! बंडी हळू चालते, मागचे सगळे अडकतात, म्हणून हा आकडा मोठा.

याच मार्गदर्शिकेत सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याला दिवसाला १५,००० पीसीयू धरले आहेत. डोंगराळ भागात मात्र वळणांनुसार फक्त ५ ते ७ हजार.

कधी मोजता, तेही महत्त्वाचं

गणना वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास करावी असा संकेत आहे. एकदा माल बाजारात येतो त्या हंगामात आणि एकदा मंदीच्या दिवसांत. आपल्याकडे सोयाबीन-कापसाच्या दिवसांत ट्रॉल्यांची रांग लागते. फक्त जूनमध्ये मोजलं तर ती कागदावर येणारच नाही. रुंदीकरण करायचं की नाही, बायपास हवा की नको, हे ठरवताना हेच आकडे बघितले जातात.

आकडा फसवतो

गंमत म्हणजे, जाममध्ये गाड्या पुढे सरकतच नाहीत. त्यामुळे एका जागी उभं राहून मोजलं तर रिकामा रस्ता आणि ठप्प रस्ता, दोन्हींचा आकडा कमीच येतो. म्हणून वेग आणि गाड्यांची दाटीही बघावी लागते. नवी दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने तयार केलेल्या २०१७ च्या ‘इंडो-एचसीएम’मध्ये दुपदरी रस्त्यासाठी दुसऱ्याच्या मागे अडकून चालणाऱ्या गाड्याही मोजतात. ट्रॉलीमागे रखडलेली आपली एसटी त्यात बरोबर सापडते!

तुम्हीही मोजा

प्रोजेक्टला विषय हवाय? दोघे-तिघे मिळून रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसा. वाहनांचे प्रकार लिहा, दर पंधरा मिनिटांना नवा रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सोबत एक किलोमीटर जायला गाड्यांना किती वेळ लागतो तेही टिपा. आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा आणि एरवी एकदा. ही काही सरकारी गणना नव्हे. पण निवेदन द्यायची वेळ आली, तर ‘लय जाम’ऐवजी कोणत्या तासाला किती पीसीयू आणि वेग किती, हे तुम्हाला लिहिता येईल.