फ्लॉरेन्सचे दोन दिवस, पेणच्या नजरेने

अनंत चतुर्दशी झाली की पेणचे गणपतीचे कारखाने थोडे दिवस श्वास घेतात. मग पुन्हा साचे धुतले जातात आणि पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. पेण शहरापासून हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यापर्यंत हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. या गावचा माणूस युरोपच्या सहलीला निघाला, तर टूर कंपनीची बस त्याला फ्लॉरेन्समध्ये जेमतेम अर्धा दिवस देते. कॅथेड्रलपुढे फोटो, चौकातल्या डेव्हिडपुढे फोटो, की चलो पिसा. इतरांचे भागत असेल, पण पेणकराने इथे दोन दिवस काढायलाच हवेत. हे शहर राजवाड्यांनी मोठे झाले असे सांगतात. खरे तर ते कारखान्यांनी मोठे झाले.

पंधराव्या शतकातला फ्लॉरेन्सचा कलावंत दुकान मांडून बसलेला कारागीर होता. मालक, हाताखालचे कसबी आणि रंग घोटणारी पोरे अशी त्याच्या कारखान्याची उतरंड असे. चित्रकारांची नोंद वैद्य आणि औषधविक्यांच्या संघात होई. वेरोक्यो हा असाच एक कारखानदार. उफीझी संग्रहालयात त्याचे ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ हे चित्र आहे. त्यातला डावीकडचा देवदूत त्याच्या हाताखालच्या एका तरुणाने रंगवला आहे. तो तरुण म्हणजे लिओनार्दो दा विंची. एकाच मूर्तीवर अनेक हात चालतात, हे पेणला कुणी शिकवायला नको. एक जण साच्यात माती दाबतो, दुसरा सांधे पुसून अंग गुळगुळीत करतो, तिसरा रंग चढवतो आणि शेवटी सगळ्यात स्थिर हाताचा माणूस डोळ्यांची आखणी करतो. बुबुळाची रेघ केसभर सरकली तरी गणपतीची नजर भक्तावरून हलते. त्या देवदूतापुढे उभे राहिल्यावर पेणकर आधी चेहऱ्याची रेघ पाहील आणि हात बदललेला त्याला चटकन कळेल.

पहिल्या दिवशी कॅथेड्रलचा परिसर पाहावा. समोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी १४०१ मध्ये स्पर्धा झाली आणि ती गिबेर्तीने जिंकली. त्या दारांच्या कामात त्याच्या कारखान्यात तरुण दोनातेल्लो होता. पुढे १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खपून गिबेर्तीने सोनेरी मुलाम्याचे दुसरे दार घडवले. मूळ दार आता कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे. त्याच्या चौकटीत एक टकलू, किंचित हसरा चेहरा आहे. तो गिबेर्तीचा स्वतःचा. कारागिराने आपल्या कामावर आपलाच चेहरा कोरून ठेवला आणि शहराने तो जपला.

वरचा घुमट ब्रुनेलेस्कीचा. तो १४२० ते १४३६ या काळात उभा राहिला. त्याच्याइतकेच थक्क करते ते बांधकामाचे दफ्तर. हे काम पाहणारी संस्था १२९६ पासून आजही चालू आहे. घुमटाच्या वर्षांतल्या विटा, लाकूड, मजुरी यांच्या नोंदी तिच्याकडे सांभाळलेल्या आहेत. कोणाला किती पैसे दिले, हे सहाशे वर्षांनंतर वाचता येते.

तिथून चालत अनाथ बालकांच्या इस्पितळाकडे जावे. ही इमारतही ब्रुनेलेस्कीचीच. तिच्या कमानींवर निळ्या गोल चकत्यांत दुपट्यात गुंडाळलेली पांढरीशुभ्र बाळे आहेत. ही अँद्रिया देल्ला रोब्बियाची १४८७ च्या सुमाराची कामे. पेणकराने इथे रेंगाळावे, कारण ही बाळे संगमरवराची नाहीत, मातीची आहेत. अँद्रियाच्या चुलत्याने, लुकाने, भाजलेल्या मातीवर कथलाची झिलई चढवायची रीत बसवली होती. त्या झिलईमुळे माती ऊन-पावसात टिकली. आपली शाडूची माती भट्टीत जात नाही. ती सावलीत वाळवायची, तडे गेले तर बुजवायचे आणि दीड, पाच किंवा दहा दिवसांनी पाण्यात सोडायची. तिकडची माती टिकण्यासाठी घडवली, आपली विरघळण्यासाठी. दोन्हींत हाताचे कसब तेवढेच लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उफीझी बघून दुपारी अर्नो नदीकाठाने पश्चिमेला कास्चिने उद्यानाच्या टोकापर्यंत जावे. तिथे मराठी माणसाचा ऊर भरून येतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, अवघ्या विशीत. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची रीत त्या देशाला परकी, तरीही परवानगी मिळाली आणि अर्नो व मुन्योने यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारणारे तेच. आतला अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आणि तो रंगवलेला आहे. पांढऱ्या संगमरवराच्या या शहरात आपल्या राजाचा रंगीत चेहरा पाहून पेणकराला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. जवळच्या पुलालाही इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

परक्या मुलखातल्या एका विद्यार्थी वयाच्या राजाची आठवण जपणारे हे शहर स्वतःच्या माणसांना कसे विसरेल? १५५० मध्ये ज्योर्ज्यो वसारीने चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकारांची चरित्रे छापली. १५६८ मध्ये त्याने ती वाढवून पुन्हा काढली. त्यात काही दंतकथा आहेत, पण कोण कोणाच्या हाताखाली शिकला हे त्याने लिहून ठेवले. १७३७ मध्ये फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारस आन्ना मारिया लुईझा यांनी करार केला, की घराण्याचा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. आज आपण जे बघायला जातो, ते बऱ्याच अंशी या दोघांच्या पुण्याईने.

पेणला नोंद आणि जतन हे दोन्ही हवे. आपल्याकडे देवधर घराण्यासारखी काही नावे लोकांच्या तोंडी आहेत, पण आखणी करणारे, मुखवटे घडवणारे, रंगकाम करणाऱ्या बायका यांची नोंद कुठे आहे? गेल्या काही वर्षांत चर्चा झाली ती मालाची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध नियमावली काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवण्याची वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मुभा दिली नाही. पाण्याची काळजी घ्यायलाच हवी. पण या सगळ्यात हातांची चौकशी कोणी केली नाही.

विसर्जित होणाऱ्या कलेचे संग्रहालय करता येत नाही, असे म्हणून आपण गप्प बसतो. मूर्ती जाते, पण साचा राहतो. जुने साचे, कच्चे मुखवटे, आखणीचे कुंचले, ऑर्डरच्या वह्या हे सारे पेणच्या माळ्यांवर पडून आहे. नगरपालिका, शाळा आणि कारखानदार यांनी मिळून एक दालन उभारावे. शाळकरी मुलांनी म्हाताऱ्या कारागिरांकडून लिहून घ्यावे: कोणाकडे शिकलात, कोणाला शिकवलेत, कोणता साचा तुमचा. प्रत्येक मूर्तीच्या पाटाखाली घडवणाऱ्याचे आणि आखणी करणाऱ्याचे नाव लिहावे. कला पाण्यात सोडणाऱ्या गावाला तर नावे लिहून ठेवण्याची गरज फ्लॉरेन्सहून जास्त आहे. हे काम पुढच्या गणपतीच्या आत सुरू करता येईल आणि त्यासाठी कोणा मेदिचीची वाट पाहण्याचे कारण नाही.