'सरकारची हमी' नेमकी कुणाला?

गडचिरोली जिल्ह्याचा बराच मोठा भाग जंगलाचा आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि बाजारपेठेतले अनेक गाळे भाड्याचे. त्यामुळे देसाईगंज, आरमोरी वा अहेरीच्या छोट्या धंदेवाल्याकडे बँकेत गहाण ठेवण्याजोगे फारसे काही नसते. अशांसाठी केंद्र सरकार आणि सिडबीने 2000 साली पतहमी ट्रस्ट उभा केला. योजना चांगली आहे. घोटाळा होतो तो इंग्रजी शब्द मराठीत आणताना.

'क्रेडिट गॅरंटी'ला आपण 'सरकारी हमी' म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटते, धंदा बुडाला तर सरकार भरेल, आपण सुटलो! ही हमी कर्जदाराला नाही, बँकेला आहे. समजा, सूक्ष्म उद्योगाच्या कर्जातले 2 लाख थकले. 85 टक्के हमी असेल तर ट्रस्ट बँकेला जास्तीत जास्त 1 लाख 70 हजार देईल. कर्जदाराची बाकी मात्र 2 लाखच राहते, व्याज वेगळे. बँक वसुली चालूच ठेवते आणि वसूल रकमेतून ट्रस्टला त्याचा वाटा परत करते.

'जामीन' हा अरबीतून आलेला शब्द आपल्या चांगल्या परिचयाचा. तिऱ्हाईत माणूस कर्जाची जबाबदारी घेतो, तो जामीनदार. पतहमी घेतलेल्या कर्जाच्या भागाला असा बाहेरचा जामीनदार लागत नाही. म्हणून ट्रस्टलाच जामीनदार म्हणू नये. 'पतहमी' हाच शब्द बरा.

'कोलॅटरल'चे भाषांतर नुसते 'तारण' केले की दुसरी चूक होते. कोलॅटरल म्हणजे जादा तारण, घर किंवा शेत. ते माफ. पण कर्जातून घेतलेले यंत्र आणि माल बँकेकडे नजरगहाण राहतोच. बँकेला न सांगता ते यंत्र विकले तर प्रकरण अंगाशी येते.

'इन्व्होकेशन'ला शब्दकोशात 'आवाहन' सापडेल, पण त्यातून काय कळणार? बँक ट्रस्टकडे हमीची रक्कम मागते, एवढाच त्याचा अर्थ. 'गॅरंटी फी'ला काहीजण विम्याचा हप्ता समजतात. तो विमा नव्हे, बँकेच्या संरक्षणाचे शुल्क आहे, आणि बँक ते कर्जदाराकडून घेऊ शकते. सहीपूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: हे शुल्क दरवर्षी किती, आणि नजरगहाण काय काय लिहिले आहे.