आधी यादी, मग खरेदी

गिरगावजवळचा लॅमिंग्टन रोड तुम्हांला ठाऊक असेल. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. येथे संगणकाचे सुटे भाग मिळतात. ते नेऊन काही जण घरीच संगणक जोडतात.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो मदरबोर्डवर बसवतात. त्याच्या बसण्याच्या जागेला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० बारीक पिना असतात. एएमडीच्या एएम ५ मध्ये १७१८. म्हणून एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

पण प्रोसेसर नुसता बसला म्हणजे झाले का? नाही. मदरबोर्डवर चिपसेटही असतो. प्रोसेसर आणि डिस्क, यूएसबी यांसारख्या भागांमध्ये तो निरोप्याचे काम करतो. त्याचाही प्रोसेसरशी मेळ हवा.

एक उदाहरण पाहा. २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. त्यांचे सॉकेट पूर्वीसारखेच, ११५१ पिनांचे होते. पण काही पिनांची कामे बदलली होती. त्यामुळे २०१५ सालच्या १०० मालिकेच्या चिपसेटवर ते चालत नसत. त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट लागे. किल्ली कुलपात शिरावी, पण फिरू नये, तसे हे झाले!

मदरबोर्ड बनवणारी कंपनी त्यावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देते. तीत आपल्या प्रोसेसरचे पूर्ण नाव शोधा. ते सापडले तरच पैसे द्या. घरच्यांनी महिनोन्महिने साठवलेले पैसे एका घाईत वाया जाऊ नयेत.