जेलमधून सुटल्यावर पहिला प्रश्न: ओटीपी कुठे येणार?

ज्यांचा भाग लोकलमध्ये नेट गेल्यामुळे अर्धा राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलले तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे ना’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत.

आजचा विषय असा: जेलमधून सुटलेल्या माणसाला परत घरात, गल्लीत, कामावर रुजायला मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं? यासाठी एक शब्द वापरतात, केस मॅनेजमेंट. शब्द अगदी ऑफिसातला वाटतो, एक्सेल शीटचा वास येतो त्याला. पण अर्थ साधा आहे. सुटलेल्या माणसाच्या दहा अडचणी दहा ठिकाणी विखुरलेल्या असतात. वकील एकीकडे, आधार केंद्र दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे, गावी रुसलेला भाऊ चौथीकडे. या सगळ्याचा धागा एका कार्यकर्त्याच्या हातात असणं, आणि ‘आता पुढे काय?’ हे विचारायला त्या माणसाला एकच ठिकाण असणं, याला म्हणतात केस मॅनेजमेंट.

आता एक चित्र आधी डोक्यातून काढून टाकूया. सिनेमात काय दिसतं? मोठं फाटक उघडतं, शिक्षा संपलेला हिरो खांद्यावर पिशवी टाकून बाहेर येतो. आपल्याकडच्या जेलमध्ये बहुतेक जण शिक्षा भोगत नसतातच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे शंभरातल्या जवळपास ७६ जणांचा खटला अजून चालूच होता. कोर्टाने त्यांना दोषी म्हटलेलं नव्हतं.

म्हणून आपल्याकडे फाटकातून बाहेर पडणारा माणूस बऱ्याचदा जामिनावर सुटलेला असतो. त्याची केस संपलेली नसते, ती त्याच्यासोबत बाहेर येते. माझं तर स्पष्ट मत आहे, ‘सुधारणा’ आणि ‘समुपदेशन’ हे मोठे शब्द थोडे मागे ठेवावेत. आधी तारीख, फोन आणि ओळखपत्र. बाकीचं त्यानंतर.

का, ते सांगते. समजा, चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे. जालन्याकडचा, भिवंडीत गोडाऊनमध्ये हेल्परचं काम करणारा. चोरीच्या केसमध्ये नाव आलं, अटक झाली. फोन पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जमा केला. आठ महिन्यांनी जामीन मिळाला आणि एका संध्याकाळी तो बाहेर आला.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवा. फोन नाही. सिम साधारण तीन महिने वापरलं नाही आणि त्यात बॅलन्सही नसला की बंद पडतं, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. आधार त्या नंबरला जोडलेलं, बँक खातं त्या नंबरला जोडलेलं. मग ओटीपी कुठे येणार? खात्यात चार पैसे असले तरी ते फोनवरून हलत नाहीत. खोलीचं भाडं थकलं म्हणून मालकाने खोली दुसऱ्याला दिली. गोडाऊनमध्ये त्याच्या जागी दुसरा पोरगा लागला. वकिलाचा नंबर? तोही फोनमध्येच होता. तुम्हाला घरच्यांचे किती नंबर पाठ आहेत, खरं सांगा.

आणि या गडबडीत पुढची तारीख चुकते. तारीख चुकली की कोर्ट वॉरंट काढू शकतं, जामीन रद्द होऊ शकतो. शिवाय जामिनावर सुटून योग्य कारणाशिवाय हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हा मुलगा कुठलंही नवं वाईट काम न करता पुन्हा आत जातो. बाहेर लोक म्हणतात, ‘बघा, हे सुधारत नाहीत.’ अरे, त्याला तारीखच कळली नव्हती!

मग कार्यकर्ता काय करतो? चांगलं काम सुटकेच्या दिवशी सुरू होत नाही, ते आत असतानाच सुरू होतं. तुरुंगात भेट घ्यायची आणि एक फाइल उघडायची. केस कुठल्या कोर्टात, वकील कोण, घरी कुणाला कळलंय, कोण भेटायला येतं, कागदपत्रं कुठे राहिली, काही औषधं चालू आहेत का, दारू किंवा नशेची सवय होती का, सुटल्यावर पहिल्या रात्री झोपणार कुठे. हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण बऱ्याच जणांकडे त्याचं उत्तर नसतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या नेल्सन मंडेला नियमांतही हेच आहे. सुटणाऱ्या माणसाकडे ओळखीची कागदपत्रं, राहायला जागा, काम, हवामानाला साजेसे कपडे आणि पोहोचण्यापुरते पैसे असावेत. इतकं बारीक लिहिलंय, अगदी कपड्यांपर्यंत.

आपल्याकडे हे काम बरीच वर्षं चालू आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे आपलं टिस, त्यांचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंग, पोलीस ठाणी आणि कोर्टं यांच्या मधल्या जागेत प्रशिक्षित सोशल वर्कर बसवून काम करतो. सरकारी बाजूने १९५८ च्या परिविक्षा कायद्याखालचे परिविक्षा अधिकारी असतात.

आतच सुटणारी एक मोठी गाठ म्हणजे जामीनदार. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं नसतं. कोर्ट म्हणतं, अमुक रकमेचा जामीनदार आणा. जामीनदाराने ऐपतीचा दाखला, पगाराची स्लिप, रेशन कार्ड वगैरे दाखवायचं. परगावातून आलेल्या मजुराने शहरात असा माणूस कुठून आणायचा? हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि सख्ख्या भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी यावर चांगलेच खडे बोल सुनावले होते.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच गाठीवर आणखी स्पष्ट सूचना दिल्या. जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. मग त्या माणसाची आर्थिक स्थिती काय आहे, याचा अहवाल तयार करून अट सैल करण्यासाठी तो कोर्टापुढे ठेवायचा. महिनाभरात जामीनदार नाहीच मिळाला, तर कोर्ट स्वतःहूनही अट बदलण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. २०२३ च्या मूळ नियमांनुसार तिच्यात पात्र कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती.

पण नियम कागदावर असतो. कुणीतरी बॅरेकमधल्या त्या मुलाचं नाव घेऊन त्या टेबलापर्यंत जावं लागतं. ‘साहेब, याचा जामीन होऊन वीस दिवस झाले, हा अजून आतच आहे,’ असं म्हणणारा माणूस लागतो. केस मॅनेजरचं निम्मं काम हेच आहे, आणि ते अजिबात फिल्मी नाही.

सुटल्यावरचे पहिले सात-आठ दिवस सगळ्यात नाजूक. एखादा स्वस्त फोन आणि नवं सिम, मग आधार केंद्रावर जाऊन बोटाचा ठसा देऊन नवा नंबर जोडणं, मग बँक. पुढची तारीख मोठ्या अक्षरात कागदावर लिहून खिशात, आणि तीच कार्यकर्त्याच्या रजिस्टरमध्ये. आदल्या दिवशी फोन: ‘उद्या अकरा वाजता, विसरू नकोस, वकिलांना भेटून घे.’ एवढ्या एका फोनने कधीकधी एक वॉरंट वाचतं.

ज्यांनी खरोखर लांब शिक्षा भोगली, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. २०१० ला आत गेलेला माणूस २०२४ ला बाहेर आला असं धरा. यूपीआय आलं २०१६ मध्ये. मधे रजेवर घरी येऊन गेला असला तरी चहाच्या टपरीवर क्यूआर कोडसमोर तो गोंधळणार. त्याला शिकवायला पोलीस नको, सोशल वर्करसुद्धा नको, घरातला पुतण्या पुरतो. फक्त पुतण्याने हसू नये.

बायकांचं आणखी अवघड. पुरुष सुटला की आई-बायको न्यायला येतात. बाई सुटली की सासर म्हणतं इकडे नको, माहेर म्हणतं लोक काय म्हणतील. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं, मोठी मुलं नातेवाइकांकडे किंवा संस्थेत असतात. त्यामुळे बाईच्या फाइलमध्ये नोकरीच्या आधी मुलांचा पत्ता लिहिलेला असतो. घरच्यांशी बोलायला कार्यकर्त्याला चार-चार चकरा माराव्या लागतात, आणि पहिल्या चकरेत दारही नीट उघडत नाही.

आता पोलिसांचा मुद्दा. वस्तीत काही झालं की जुन्या केसवाल्याला आधी उचलायचं, ही सवय आपण सगळ्यांनी पाहिलीय. त्यात चॅप्टर केस आहे, तडीपारी आहे. तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते, म्हणजे ज्या घरात रुजायचं त्याच घराच्या जिल्ह्यात पाय ठेवायचा नाही. पारधी आणि इतर विमुक्त समाजांना तर गुन्हा न करताही हे भोगावं लागतं. इंग्रजांनी १८७१ ला केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही. अशा वेळी कार्यकर्ता ठाण्यात जाऊन सांगतो, ‘हा माझ्या संपर्कात आहे, या ठिकाणी कामाला आहे, हजेरी बघा.’ याने प्रत्येक वेळी काम होतं असं नाही. पण पाठीशी कुणी आहे, हे ठाण्यात कळलेलं बरं.

नोकरीबद्दल बरेच जण विचारतात: मालकाला सांगायचं का? ते त्या माणसाने ठरवायचं, कार्यकर्त्याने परस्पर सांगायचं नाही. हा नियम पक्का. मात्र फॉर्मवर ‘तुमच्यावर केस आहे का?’ असा थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नका. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की माहिती खरी द्यायलाच हवी, लपवल्यामुळे नोकरी जाऊ शकते. आणि मालकांसाठी माझ्याकडून एक: आरोप असणं आणि दोषी ठरणं यात फरक आहे. यूट्यूबवरची जुनी न्यूज क्लिप म्हणजे निकाल नव्हे. निर्दोष सुटला त्या दिवशी तो कॅमेरा बहुधा आलेला नसतो.

फाइल बंद कधी होते? तारखा वेळेवर होतायत, राहायची जागा टिकलीय, हातात काम आहे आणि तो स्वतःच अधूनमधून फोन करून ‘बरं चाललंय’ सांगतो, तेव्हा. कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. मधेच कामावरून काढलं, परत पिणं सुरू झालं, असंही होतं. तेव्हा फाइल बंद करायची नाही, मागच्या पानावर जायचं. म्हणून एका कार्यकर्त्याकडे शंभर-दीडशे माणसं दिली की हे काम फक्त रजिस्टर भरणं होऊन बसतं.

तुमच्या ओळखीत कुणी या चक्रात असेल तर हे लिहून ठेवा. मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन १५१००. कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. आणि ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे ॲप फुकट आहे. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्यासाठी ती तारीख तुमच्या फोनमध्ये बघून त्याला सांगा. वेळ असेल आणि आवड असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं का, ते जाऊन विचारा. जिल्हा कोर्टाच्या आवारात सहसा ऑफिस असतं.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेते.