घोड्याची चंदी

माथेरानच्या डोंगरावर खासगी मोटारी नेता येत नाहीत. तेथे माणसे आणि सामान घोड्यावरून जाते. कितीतरी घरांची चूल घोड्याच्या पायांवर पेटते. घोडा आजारी पडला की कमाई बुडाली. आणि घोड्याचे दुखणे पुष्कळदा पोटातून सुरू होते. म्हणून त्याला काय घालावे आणि किती घालावे, ते आपण नीट समजून घेऊ.

घोडा गवत खातो. पण घोडा म्हणजे गाय नव्हे. गाय भराभर खाते, मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठरही लहान. त्यात १० ते १५ लिटर मावते, एवढेच. मोकळा घोडा दिवसरात्र थोडे थोडे चरत असतो. म्हणून बांधलेल्या घोड्यालाही एकदम खूप घालू नये. दिवसातून तीन-चार वेळा घालावे.

आणखी एक गोष्ट आहे. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात बिघडले तर ते पोटातच राहते. मग घोडा पाय आपटतो, वळून पोटाकडे बघतो, जमिनीवर लोळतो. हा पोटशूळ. यात घोडा एका दिवसातही दगावतो. घरगुती उपाय करीत बसू नका. दाणा बंद करा आणि गुरांच्या डॉक्टरला लगेच बोलवा.

आता मापाचे बघू. मुख्य अन्न वैरण, चंदी नव्हे. ३०० किलो वजनाच्या घोड्याला रोज ५ ते ६ किलो वाळके गवत लागते. गवताला बुरशी नको, धूळ नको. काम जास्त असेल तर वर चंदी द्यावी. भिजवलेला हरभरा, भरडलेले जव, गव्हाचा कोंडा चालतो. पण एका वेळी दीड किलोहून जास्त दाणा नको. ज्या दिवशी घोड्याला सुट्टी, त्या दिवशी दाणाही कमी करावा. कामाविना भारी दाणा खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे पुठ्ठे आखडतात.

काम करून आल्यावर लगेच तोबरा बांधू नका. आधी तासभर विसावा द्या. स्वच्छ पाणी नेहमी जवळ असावे. उन्हात राबणारा घोडा दिवसाला ३०-४० लिटर पाणी सहज पितो. घामातून मीठ जाते, म्हणून चाटायला मीठ ठेवा. दाणा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. गुरांचे तयार खाद्य मात्र घालू नका. त्यातले एखादे औषध गुरांना मानवते. घोड्याला तेच विष ठरते.

हौशी पाहुणे घोड्याला पाव, बिस्किटे चारतात. त्यांना हात जोडून नाही म्हणा. घोड्याला बोलता येत नाही. त्याच्या पोटाची काळजी आपणच वाहायची.