पोराची सहल समुद्राला चाललीय? संमतीपत्रावर सही करण्याआधी हे वाचा

नशिराबाद : दिवाळी झाली की शाळांच्या सहलींची पत्रकं घरोघरी येतात. शेगाव, अजिंठा-वेरूळ, शिर्डी ही आपल्याकडची ठरलेली नावं. घारापुरी, जंजिरा, सिंधुदुर्ग अशी नावं दिसली की घरात दोन प्रश्न निघतात. एवढ्या लांब जाऊन पोरं शिकणार काय? आणि बोटीत बसवायचं म्हणजे धोका किती?

आधी शिकण्याचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आपल्याला जवळचा साल्हेर त्यात आहे, तसेच खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रावरचे चार. पुस्तकात 'आरमार' हा शब्द पोरं पाठ करतात. पण वाघूर धरणापलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या पोराला तो शब्द बोटीत बसल्यावरच कळतो. किनारा मागे राहतो, समोर नुसती तटबंदी दिसते, आणि तोफ कुठे रोखलेली असेल हे कुणी न सांगता समजतं.

परदेशात अशा सहलींसाठी छोटी जहाजं असतात. सोबत इतिहासाचे जाणकार असतात, रोज एका जुन्या बंदरात मुक्काम. शाळेच्या खिशाला ते झेपणारं नाही. आपल्याकडे लाँच, होडी आणि बस जोडून तेच साधावं लागतं. जळगाव किंवा भुसावळहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई. गेटवेवरून लाँचने घारापुरी साधारण तासाभराचा प्रवास. लेणी सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची, सदाशिवाची मूर्ती सुमारे १८ फूट उंच. या बेटावरच्या गावांना समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ साली, समोर मुंबई झगमगत असताना! शिक्षकांनी पोरांना हेही सांगावं. सोमवारी लेणी बंद असतात, पत्रकावर वार बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी गेटवेवरून बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि पुढे मुरुड. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, भरतीला नाही. इथे घड्याळापेक्षा पंचांग कामाला येतं. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी भरपूर उतरतं, अष्टमीच्या आसपास कमी. हा अंदाज झाला, पक्की वेळ तिथल्या कोळी बांधवांना विचारूनच घ्यायची. पाणी फिरायच्या आत परत यायचं. सहलीची आखणी करणाऱ्याला भरतीची वेळ विचारा. उत्तर आलं नाही तर समजा, कार्यक्रम फक्त बसच्या हिशेबाने लावलाय.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय नजरेत येत नाही. आत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना हा सिद्दीचा किल्ला घेता आला नाही. म्हणून महाराजांनी समोरच पद्मदुर्ग उभा केला, तो होडीतून दिसतो.

आता धोक्याचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीत शंभराच्या वर माणसं होती, १५ जीव गेले. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तिथे बोट नव्हतीच, पोरं पाण्यात उतरली होती. आमच्या मते पालकांनी बोटीपेक्षा किनाऱ्याची भीती जास्त बाळगावी. बोटीवर निदान तांडेल असतो, किनाऱ्यावर पन्नास पोरं आणि दोन सर असतात. आपलं पोरगं विहिरीत पोहतं म्हणून निर्धास्त राहू नका. विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही, ओहोटीचं नेतं.

म्हणून शाळेत जाऊन थेट विचारा. सहलीला शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आहे का? किती मुलांमागे एक शिक्षक? मुलींसोबत बाई आहेत का? समुद्रात उतरायला बंदी आहे, हे कार्यक्रमात लिहिलंय का? बोटीची परवान्यातली प्रवासी संख्या बसण्याआधी शिक्षकांनी बघायची, भरलेली असेल तर पुढची बोट धरायची. लाइफ जॅकेट मापाचं हवं आणि पट्टे बांधलेले हवेत. मोठ्याचं जॅकेट लहान पोराच्या डोक्यावरून निघून जातं. सेल्फीसाठी ते काढायचं नाही. जंजिऱ्याला हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा असतो. तिथे चपलेपेक्षा बूट बरे, आणि एकेकानेच उतरायचं.

जूनपासून ऑगस्टअखेर मुरुड आणि मालवणकडची किल्ल्यांची वाहतूक बंद असते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सिंधुदुर्ग मालवणला, म्हणजे आणखी खूप खाली. तो याच सहलीत कोंबला तर पोरं बसमध्येच झोपतील. तो पुढच्या वर्षी ठेवा.

बोट लागणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात. सकाळी पोटभर फरसाण-भजी खाऊ घालू नका. पोहे किंवा भाकरी थोडीच द्या, खिशात आलेपाक आणि एक रिकामी पिशवी. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. घरचा नंबर मोबाईलवर नको, मोबाईल भिजतो. कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून पोराच्या खिशात ठेवा.